झटका कॅल्शियमचा की मेंदूचा? सोलापुरातल्या एका बाळाच्या ऑस्टिओपेट्रोसिसची केस

आधीच सांगते, कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि आई-वडिलांना विचारूनच हे लिहितेय. मी सोलापुरात लहान मुलांची डॉक्टर आहे. ऑस्टिओपेट्रोसिस, म्हणजे हाडं नको तेवढी दाट होत जाण्याचा जन्मजात आजार, आमच्यासारख्यांना अख्ख्या प्रॅक्टिसमध्ये एखाद-दुसऱ्यांदा दिसतो, अडीच लाख जन्मांमागे साधारण एक बाळ असं पुस्तकात असतं. नात्यात लग्न होणाऱ्या भागात मात्र तो जास्त दिसतो, आणि आपला भाग कुठला ते तुम्हाला माहितीच आहे.

पार्श्वभूमी

कुटुंब अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला राहणारं. वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, आई घरी ब्लाउज शिवून देते, सोबत आजी, म्हणजे वडिलांची आई, आणि लग्नाचा एक धाकटा दीर. मोठी मुलगी चार वर्षांची, एकदम ठणठणीत. वडिलांचं लग्न सख्ख्या मामाच्या मुलीशी झालेलं. त्यात कुणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं, गल्लीत निम्मी लग्नं तशीच.

हे दुसरं बाळ, मुलगा. दिवस पूर्ण भरलेले, वजन पावणेतीन किलो, सोनोग्राफ्या सगळ्या नॉर्मल. पहिल्या आठवड्यापासून एकच तक्रार, नाक घुरघुरतं आणि दूध ओढता ओढता मध्येच सोडून श्वास घेतो. सलाईनचे थेंब झाले, ओव्याची पुरचुंडी झाली, "थंडीचे दिवस आहेत, होईल कमी" हेही सगळ्यांनी सांगून झालं. महिन्याच्या बाळाचं नाक बंद असणं ही इतकी कॉमन गोष्ट आहे की त्यावरून हाडाच्या आजाराचा विचार कोण करणार. पण या आजारात नाकाच्या मागची हाडाची वाटच अरुंद होते, आणि बऱ्याच बाळांमध्ये पहिली तक्रार हीच असते.

अडचण काय होती

बाळ पावणेदोन महिन्यांचं असताना पहिला झटका आला. डावा हात आणि पाय उडायला लागले, ओठ निळे पडले. जवळच्या एका हॉस्पिटलात नेलं, तिथे कॅल्शियम ६.२ निघालं म्हणजे चांगलंच कमी, शिरेतून कॅल्शियम दिल्यावर झटका थांबला. व्हिटॅमिन डी पण कमी होतं. आपल्याकडे आईचंच डी कमी असतं, बाळाचं कमी असणं रोजचंच, त्यामुळे डी कमी म्हणून कॅल्शियम कमी म्हणून झटका असा सरळ हिशोब लागला. थेंब लिहून दिले, तीन दिवसांत सुट्टी.

तिथे छातीचा एक्स-रे काढला होता, न्यूमोनिया आहे का बघायला. तो नंतर माझ्या हातात आला. फुप्फुसं ठीक होती म्हणून रिपोर्ट नॉर्मल, पण बरगड्या आणि खांद्याची हाडं अशी पांढरीफटक की आतली पोकळी दिसतच नव्हती, दंडाच्या हाडाचं टोक रुंद झालेलं. फिल्म नीट उठली नाही असं समजून पुढे गेले असणार. घाईत होतं तसं, रात्रीच्या ड्यूटीला फुप्फुसं बघायची असतात आणि डोळे तेवढंच बघतात.

पंधरा दिवसांनी दुसरा झटका, रात्री दोनच्या सुमारास. यावेळी दुसऱ्याच हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आईकडून मागची गोष्ट ऐकली आणि लगेच कॅल्शियम चढवलं, झटका थांबल्यावर मग तपासणीला रक्त काढलं. रिपोर्ट आला ८.७. आता या आकड्याचं करायचं काय? कॅल्शियम दिल्यानंतरचं कॅल्शियम चांगलंच येणार, झटक्याच्या वेळी ते किती होतं ते कळायचा मार्गच गेला. त्या रात्री हे फार कुणाला महत्त्वाचं वाटलं नसेल, पण पुढचा जवळजवळ दीड महिना या एका आकड्यावर आम्ही सगळे अडकून पडलो होतो.

त्याच रक्तात हिमोग्लोबिन ६.९ आणि प्लेटलेट ५८ हजार निघाले, पोट तपासलं तर तिल्ली (प्लीहा) वाढून चार बोटं हाताला लागली, आणि "ब्लड कॅन्सर आहे का बघा" अशी चिठ्ठी घेऊन बाळ आमच्याकडे आलं.

निदान कसं लागलं

तपासताना मला पहिल्यांदा खटकले ते डोळे. अडीच महिन्यांचं बाळ आईच्या तोंडाकडे बघतं, हसतं. हे बाळ आवाजाकडे वळत होतं पण नजर लागत नव्हती, डोळे आडवे थरथरत होते. कपाळ पुढे आलेलं, टाळू जरा भरलेली. स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरून बघितलेल्या रक्तात, कच्च्या लाल पेशी आणि कच्च्या पांढऱ्या पेशी दोन्ही होत्या, कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. म्हणजे रक्त तयार व्हायची जागा हाडात उरली नाही म्हणून लिव्हर आणि तिल्ली ते काम करतायत. मग हात, पाय आणि कवटीचे एक्स-रे काढले. सगळी हाडं एकसारखी पांढरी, हाडाच्या आत हाड दिसावं तशी रेघ, आणि मनगटाला वर मुडदूसासारखे बदल. शरीरात कॅल्शियमचा एवढा साठा आणि रक्तात मात्र कॅल्शियमची बोंब, हे ऐकायला उलटं वाटतं पण आजाराचं गणितच ते आहे.

गणित असं. हाड हे कायम मोडून बांधलं जातं. बांधणाऱ्या पेशी वेगळ्या, मोडणाऱ्या वेगळ्या. मोडणाऱ्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, त्या हाडावर ॲसिड सोडून ते विरघळवतात आणि त्यातलं कॅल्शियम रक्तात येतं. या बाळांमध्ये ते ॲसिड सुटतच नाही. गवंडी रोज भिंत चढवतोय आणि पाडकाम करणारा संपावर, असं झालं की खोल्या बुजत जाणार. हाडाच्या आतली पोकळी बुजली की रक्त कमी पडतं. कवटीत नसा बाहेर पडायची जी भोकं आहेत ती बुजली की नजर, ऐकणं, चेहऱ्याची हालचाल एकेक जायला लागतं. आणि हाडातून कॅल्शियम सुटत नसल्यामुळे दुधातून येईल तेवढ्यावरच बाळ चालतं, ते कमी पडलं की झटका.

याला अल्बर्स-शोनबर्गचा आजार असंही म्हणतात, त्या जर्मन रेडिओलॉजिस्टने १९०४ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. पण ते नाव मोठेपणी दिसणाऱ्या सौम्य प्रकाराला लावतात. तान्ह्या बाळांचा प्रकार वेगळा आणि फार वाईट, दोन्ही पालकांकडून बिघडलेला जीन आला तरच होतो, आणि उपचार न मिळालेली बहुतेक मुलं पहिल्या दहा वर्षांच्या आतच जातात. नेटवर शोधताना हे दोन प्रकार एकत्र दिसतात आणि घरचे उगाच निर्धास्त होतात. या बाळाचे वडीलही "चाळीस वर्षांचा माणूस जगतोय की ओ" म्हणत मोबाइल दाखवत आले होते.

घरात कुणाचं मूल लहानपणी गेलंय का, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं, सगळे नाही म्हणाले. दोन दिवसांनी आजी एकट्या आल्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मॅडम, माझं पहिलं लेकरू असंच होतं. डोळं थरथरायचं, पोट सुटलेलं. सव्वा वर्षाचं होऊन गेलं. बाहेरचं काहीतरी असंल म्हणून आम्ही नाव काढत नव्हतो." आजींचं स्वतःचं लग्नही नात्यातलंच. सुनेला हे माहीतच नव्हतं, मुलालाही एक भाऊ होऊन गेला एवढंच ठाऊक.

पहिला निर्णय: झटका कशाचा?

या आजारावर मुळातून उपचार एकच, बोनमॅरो ट्रान्सप्लांट. ऑस्टिओक्लास्ट या रक्ताच्या मूळ पेशींपासूनच तयार होतात, म्हणून दुसऱ्याच्या मूळ पेशी बाळात रुजल्या तर हाड मोडणारे नवीन कामगार मिळतात. पण ट्रान्सप्लांट सगळ्यांना चालत नाही, आणि या केसमधली खरी गाठ तिथेच होती.

तान्ह्यांच्या प्रकारात निम्म्या बाळांमध्ये टीसीआयआरजी-१ नावाचा जीन बिघडलेला असतो. तिथे मेंदू स्वतः चांगला असतो, त्रास होतो तो हाडाच्या दाबामुळे आणि कॅल्शियममुळे. सीएलसीएन-७ बिघडला असेल तर काही बाळांचा मेंदू पण खराब होत जातो, आणि ओएसटीएम-१ असेल तर मेंदू खराब होणार हे जवळपास ठरलेलं. त्या बाळांना कॅल्शियम नॉर्मल असताना झटके येतात, अंग सैल नाहीतर कडक होतं, डोळ्याचा पडदाच खराब होतो. ट्रान्सप्लांटने हाड सुधारेल, मेंदूची घसरण थांबत नाही, म्हणून अशा बाळांना शक्यतो ट्रान्सप्लांट करत नाहीत. आणखी एक दुर्मिळ प्रकार आहे, त्यात ऑस्टिओक्लास्ट तयार व्हायचा सिग्नलच हाडाच्या बाजूने येत नाही, म्हणजे रँकलिगँडचा दोष, तिथे दुसऱ्याचा मॅरो घालून उपयोगच नाही.

म्हणून तो दुसरा झटका महत्त्वाचा. पहिला कॅल्शियमचा होता हे नक्की. दुसरा जर कॅल्शियम ठीक असताना आलेला असेल तर बाळ मेंदूच्या प्रकारात जाण्याची भीती. ८.७ हा आकडा फाइलवर होता, आणि जो जो डॉक्टर फाइल बघेल तो आधी तिथे थांबायचा. फोनवर एका सेंटरने तर "नॉर्मल कॅल्शियमवर झटका आहे, आधी जीन रिपोर्ट येऊ द्या" असं सांगूनच टाकलं. सॅम्पल नंतरचं आहे हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी त्या हॉस्पिटलच्या नर्सिंग चार्टची झेरॉक्स मागवली, त्यात इंजेक्शनची वेळ दोन वीस आणि रक्त काढल्याची वेळ दोन पन्नास अशी सापडली. ती झेरॉक्स पुढे प्रत्येक ठिकाणी फाइलच्या वर लावली.

तरी त्याने एवढंच कळलं की आकडा बिनकामाचा आहे. झटका कशाचा होता ते नाही कळलं. मग दुसऱ्या बाजूंनी पुरावा गोळा केला. पुण्यात ईईजी झाला, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी, झोपेतला आणि जागेपणीचा, त्यात झटक्याच्या लहरी नव्हत्या. एमआरआयला भूल द्यायची मला भीती वाटत होती, नाकाची वाट अरुंद आणि प्लेटलेट कमी, भुलेत श्वास अडकला तर नळी घालणं अवघड. तिथल्या टीमने बाळाला पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, कानाला संरक्षण लावून झोपेतच एमआरआय केला. तीन महिन्यांपर्यंतच्या बाळांमध्ये हे जमतं, फक्त घाई करायची नाही, आणि त्या दिवशी रेडिओलॉजीच्या मॅडम तासभर थांबल्या. मेंदूची वाढ वयाप्रमाणे होती, पाण्याच्या पोकळ्या किंचित मोठ्या, नजरेच्या नसांच्या वाटा दोन्हीकडून आवळलेल्या.

दुसरा निर्णय: नजरेसाठी थांबायचं की धावायचं

डोळ्यांच्या दोन तपासण्या झाल्या. एक पडद्याची, ईआरजी, ती चांगली. दुसरी डोळ्यापासून मेंदूपर्यंत सिग्नल पोचतो का त्याची, व्हीईपी, ती दोन्ही बाजूंनी कमजोर, उजवीकडे जवळजवळ सपाट. म्हणजे पडदा शाबूत, दाब नसेवर. वाईट बातमीतली ही चांगली बातमी, कारण मेंदूच्या प्रकारात पडदा जातो. ईईजी, एमआरआय, ईआरजी तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवत होते, पण छापील जीन रिपोर्ट यायला अजून तीन-चार आठवडे होते.

आणि नस काही थांबत नाही. या आजारात नजर वाचवायची असेल तर ट्रान्सप्लांट जितका लवकर तितका चांगला, पहिल्या तीन महिन्यांत झाला तर उत्तम असं म्हणतात, आणि गेलेली नजर नंतर सहसा परत येत नाही. आमच्याकडे आलं तेव्हाच बाळ अडीच महिन्यांचं.

पर्याय चार होते. एक, कवटी उघडून नसेवरचा दाब काढायचा. न्यूरोसर्जन सरांनी सरळ सांगितलं की हाड दगडासारखं, प्लेटलेट कमी, वय एवढंसं, फायदा होईलच अशी खात्री नाही आणि हाड पुन्हा वाढणार, मी आत्ता हात लावणार नाही. दोन, इंटरफेरॉन गॅमा. अमेरिकेत २००० साली या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली आहे, आजार थोडा हळू होतो पण बरा होत नाही, आणि ते मिळवण्यात आणि पैशात महिना जाणार. तीन, जीन रिपोर्ट येईपर्यंत फक्त रक्त, प्लेटलेट आणि कॅल्शियम सांभाळत बसायचं. चार, रिपोर्टची वाट बघत असतानाच ट्रान्सप्लांटची सगळी तयारी करून ठेवायची, आणि रिपोर्ट विरोधात आला तर तिथेच थांबायचं.

आम्ही चौथा घेतला. यात घरच्यांची परीक्षा असते. त्यांना एकाच वेळी सांगायचं की डोनर शोधा, पैसे जमवा, सामान बांधा, आणि हेही सांगायचं की महिन्याभराने आम्ही कदाचित नको म्हणू. वडील ऐकून गप्प बसले. आईने विचारलं, "नको म्हणालात तर मग काय करायचं?" मी सांगितलं की मग रक्त देत राहायचं, दुखू द्यायचं नाही, झटके सांभाळायचे, आणि बाळ घरी तुमच्याजवळ राहील. हे बोलणं आधी झालेलं बरं असतं, रिपोर्ट हातात घेऊन हे बोलता येत नाही.

डोनर आणि पैसा

जीनसाठी रक्त काढलं त्याच दिवशी आई, वडील आणि बहिणीचं एचएलए टायपिंग, म्हणजे डोनर जुळतो का बघायची रक्ततपासणी, पण पाठवलं. सगळ्यांची आशा बहिणीवर, सख्ख्या भावंडात मॅच व्हायची शक्यता चारात एक. बहीण निम्मीच जुळली. पूर्ण जुळली ती आई, दहापैकी दहा. एरवी आई-बाप निम्मेच जुळतात, पण आई-वडील मामे-आतेभावंडं असल्यामुळे त्यांच्यात एक बाजू सारखीच होती, म्हणून हे झालं. ज्या नात्यामुळे आजार आला त्याच नात्यातून डोनर मिळाला.

यावर घरात वाद झाला. दीर म्हणाला, वहिनीतच दोष आहे म्हणताय, मग तिचंच बाळाला घालून काय उपयोग? प्रश्न चांगला होता, आणि आई तिथेच मान खाली घालून बसली होती. मी म्हटलं दोष फक्त वहिनीत नाही, तुझ्या दादातही आहे, कदाचित तुझ्यातही असेल. प्रत्येकाकडे जीनच्या दोन प्रती असतात, एक चांगली असली तरी काम पूर्ण होतं, तुमच्या वहिनीची हाडं बघा की, काही झालंय का? एकच प्रत बिघडलेली असणाऱ्याचा, म्हणजे वाहकाचा मॅरो या आजारात व्यवस्थित चालतो. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

पैशाचं थोडक्यात. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ मध्ये ऑस्टिओपेट्रोसिसचं नाव पहिल्या गटात आहे, एकदाच्या उपचाराने बरे होऊ शकणारे आजार त्या गटात येतात. ठरवून दिलेल्या सेंटर ऑफ एक्सलन्समार्फत अर्ज केला तर ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, महाराष्ट्रातून मुंबईचं केईएम त्या यादीत आहे. बऱ्याच डॉक्टरांनाही हे माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहिलं. अर्ज आम्ही टाकला, पण बाळाच्या वयाकडे बघून त्याच्यावर अवलंबून राहिलो नाही, ट्रस्ट, कारखान्याचे शेठ आणि नातेवाईक मिळून आगाऊ रकमेचं जमवलं.

जीन रिपोर्ट आला तेव्हा बाळ पावणेचार महिन्यांचं होतं. टीसीआयआरजी-१, दोन्ही प्रती बिघडलेल्या, आई-वडील दोघे वाहक. आठवड्याभरात ते दक्षिणेतल्या एका ट्रान्सप्लांट सेंटरला ॲडमिट झाले.

ट्रान्सप्लांट आणि नंतर

साडेचार महिन्यांचं असताना ट्रान्सप्लांट झाला. नव्या पेशींना जागा करायला द्यावी लागणारी केमो, तोंड येणं, ताप, लिव्हरला सूज येऊन वजन वाढणं, हे सगळं झालं. लिव्हरचा त्रास या आजारात जास्त होतो हे माहीत असल्यामुळे ते तयारीत होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आईच्या पेशी रुजल्या.

मग एक मजेशीर गोष्ट. वडिलांचा फोन आला की बाळ उलट्या करतंय, शी कडक झालीय, इथले डॉक्टर म्हणतात कॅल्शियमचे थेंब बंद करा, आणि तुमच्या कागदावर तर लाल पेनाने "एक दिवसही चुकवू नये" लिहिलंय, ऐकायचं कुणाचं? कॅल्शियम ११.६ झालं होतं, म्हणजे आता जास्त. नवे ऑस्टिओक्लास्ट कामाला लागले की इतके महिने साठलेलं हाड विरघळून कॅल्शियम रक्तात येतं. लाल पेनाचा कागद फाडायला सांगितला. थेंब बंद करून आणि पाणी वाढवून ते खाली आलं. मोठ्या मुलांमध्ये हे खूप जास्त होऊ शकतं.

उलट्यांचं दुसरं कारण मात्र सोलापूरला परत आल्यावर सापडलं. आठ महिन्यांचं असताना डोक्याचा घेर एकदम वाढायला लागला, टाळू ताठ. कॅल्शियम नॉर्मल. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरा कवटीच्या तळाला हाडात आवळल्या की आतला दाब वाढतो, स्कॅनमध्ये तसंच दिसलं. इथे एक गोष्ट डॉक्टर मित्रांसाठी. एरवी आपण डोळ्याचा मागचा भाग बघून दाब ओळखतो, नसेला सूज दिसते. पण नस आधीच सुकलेली असेल तर सूज येत नाही, डिस्क, म्हणजे नसेचं डोळ्यातलं टोक, पांढरी आणि शांत दिसते, त्यावर विसंबायचं नाही. मग उरतं काय, टाळू, वागणं आणि डोकं मोजायची टेप.

शंट, म्हणजे मेंदूतलं जादा पाणी काढून देणारी नळी, लगेच घालायचा की थांबायचं हा तिसरा निर्णय. शंट म्हणजे नुकत्याच ट्रान्सप्लांट झालेल्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळाच्या डोक्यात परकी नळी, इन्फेक्शनची भीती मोठी. न घालावा तर उरलीसुरली नजर दाबाने जाणार. नवीन पेशी हाड पातळ करतायत, शिरांच्या वाटा हळूहळू मोकळ्या होतील ही आशा. न्यूरोसर्जन सरांनी थांबायचं ठरवलं, पण कधीपर्यंत ते लेखी दिलं: आठवड्यात अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त वाढ, किंवा बाळ सुस्त, किंवा उलट्या वाढल्या, तर त्याच दिवशी ऑपरेशन.

आई घरी मोजत होती आणि पहिल्या आठवड्यात माझ्या मापाशी तिचं माप जुळेना, कधी कमी कधी जास्त. बघितलं तर ती शिवणकामाची जुनी टेप वापरत होती, कापडी, वापरून ताणलेली, सुरुवातीचे आकडे पुसट. न ताणणारी टेप दिली, भुवईच्या वर आणि मागे सगळ्यात फुगीर भागावर कुठे धरायची ते पेनाने खूण करून दाखवलं, तीनदा मोजून सगळ्यात मोठं लिहायचं. माप घेणं तिच्या हातातच होतं म्हणा, नंतर तिची वही माझ्या कार्डापेक्षा नीट असायची. वाढ दोन आठवडे ओढाताणीची राहिली, मग मंदावली, वर्षाच्या आसपास रेषेला लागली. शंट लागला नाही.

आता काय परिस्थिती आहे

बाळ अडीच वर्षांचं झालंय. ट्रान्सप्लांटनंतरच्या पहिल्या काही महिन्यांनंतर रक्त द्यावं लागलेलं नाही, तिल्ली हाताला लागत नाही, एक्स-रेत हाडाची पोकळी दिसायला लागली. तिसरा झटका आलेला नाही. वीस महिन्यांचा असताना धरून चालायला लागला. बोलणं थोडं मागे आहे, त्यातलं काही ऐकण्यामुळे. डाव्या कानाने कमी ऐकू येतं हे बेरा टेस्टमध्ये, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का त्याच्या तपासणीत, कळलं, आता मशीन आहे, ते तो दिवसातून दहा वेळा काढून फेकतो.

नजर: उजव्या डोळ्याने फक्त उजेड कळतो. डाव्या डोळ्याने मोठ्या, भडक रंगाच्या वस्तू जवळून दिसतात. थरथर आहेच. ट्रान्सप्लांटच्या आधी जेवढं दिसत होतं साधारण तेवढंच राहिलं, वाढलं नाही, कमीही झालं नाही. वडील कारखान्यातून नारंगी आणि काळ्या पट्ट्यांचे टॉवेल आणतात, घराच्या उंबऱ्यावर आणि पायरीच्या कडेला ते अंथरलेत, त्यावरून त्याला उंबरा कळतो. ही आयडिया थेरपिस्टची नाही, त्यांची स्वतःची.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या झटक्याच्या वेळच्या एक्स-रेत आजार दिसत होता. तिथे पकडला असता तर दोन-तीन आठवडे मिळाले असते आणि या आजारात तेवढ्यात डोळा इकडचा तिकडे होतो. कमी कॅल्शियमच्या प्रत्येक बाळाला हा आजार नसतो, शंभरातले जवळपास सगळे डी कमी असणारेच निघतील. पण कॅल्शियम कमी आणि सोबत तिल्ली, किंवा रक्त कमी, किंवा नजर न लागणं, यातलं एक जरी असेल तर छातीच्या एक्स-रेत फुप्फुसं बघून झाल्यावर हाडं बघायला दहा सेकंद पुरतात.

झटक्यातलं बाळ आलं की सुई टोचतानाच दोन मिली रक्त काढून बाजूला ठेवायचं, मग औषध. उपचार थांबवायचा नाही, पण क्रम पाळायचा. आणि ते जमलं नाही तर सॅम्पल औषधानंतरचं आहे असं रिपोर्टवर हाताने लिहायचं. कॅल्शियमसोबत मॅग्नेशियम पण बघायचं, ते कमी असलं तरी झटके येतात आणि कॅल्शियम वर चढत नाही.

जीन रिपोर्टच्या आधी ट्रान्सप्लांट करून टाकायला हवा होता का, यावर आमच्यातच मतं दोन आहेत. एका सहकाऱ्याचं म्हणणं, ईआरजी, ईईजी, एमआरआय चांगले होते, तीन आठवडे वाचले असते तर डावा डोळा आणखी बरा राहिला असता. माझं मत वेगळं आहे. ओएसटीएम-१ च्या बाळांचा एमआरआय सुरुवातीला फसवा असू शकतो, आणि ज्याच्या मेंदूला फायदा होणार नाही त्या बाळाला केमोतून नेणं मला पटत नाही. वेळ वाचवायचा तो रिपोर्टच्या अलीकडे वाचवायचा, सॅम्पल पहिल्याच दिवशी पाठवून. आज अशी केस आली तर मी जीनचं रक्त एक्स-रे बघितला त्याच तासाला काढेन, रक्त चढवायच्या आधी.

आजींनी दोन दिवसांनी सांगितलं ते पहिल्या दिवशी कसं कळलं असतं, याचंही उत्तर आहे. सगळ्या घरादारासमोर, सुनेसमोर, तो प्रश्न विचारून खरं उत्तर मिळत नाही. आता मी घरातल्या म्हाताऱ्या बाईला वेगळं बसवूनच विचारते, आणि "आजार होता का" असं न विचारता "तुमची लेकरं किती झाली, त्यातली किती हयात" असं विचारते.

दिराचं लग्न दुसऱ्या मामाच्या मुलीशी ठरलेलं होतं. दोघांची तपासणी केली, घरचा बिघाड कुठला ते माहीत असल्यामुळे ती तपासणी सोपी आणि स्वस्त. तो वाहक निघाला, ती नाही, म्हणजे त्यांच्या मुलांना हा आजार होण्याची काळजी नाही. तारीख बदलली नाही. बाळाच्या आई-वडिलांना पुढच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आहे, अकराव्या ते तेराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी होऊ शकते हे लिहून दिलंय. सध्या त्यांना तिसरं मूल नकोय, पुढच्या महिन्यात मुलाच्या दातांसाठी आणि ऐकण्याच्या फॉलोअपसाठी पुण्याला जायचंय, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट काढून झालंय.